निवृत्ती पाळदे

दिवा मालवला की आजी नावं घ्यायची.
आधी सिलास आजोबांचं.
त्यांच्यासाठी वेगळं मागणं नसे,
"तुला ठाऊकच आहे" एवढंच.
मग चार लेकरं वयाच्या क्रमानं,
सुना, जावई, नातवंडं,
दम्याच्या नातवाला दोनदा.
मग पाळकसाहेब, कंपाउंडातली बारा घरं,
नोट प्रेसची रात्रपाळी,
आणि सगळ्यात शेवटी,
आमेनच्या अगदी उंबऱ्यावर,
निवृत्ती पाळदे.

"कोण गं हा?" आम्ही गोधडीतून विचारायचो.
"झोपा. ज्याला कळायचं त्याला कळतं."

आजोबा प्रेसमध्ये नोटा मोजायचे.
कोट्यवधी बोटांखालून गेले
आणि महिनाअखेरीस घरी ज्वारी उसनी.
तरी पगाराच्या दिवशी, किराण्याच्याही आधी,
दहावा हिस्सा चहाच्या डब्यात.
"त्या डब्यापायी माझं नर्सिंग राहिलं,"
आई अजून म्हणते, भांडी जरा जोरात ठेवत.
डबा मात्र आता
आईच्याच फडताळात आहे.

फेब्रुवारीत पिंपळगावची काळी द्राक्षं यायची.
प्रभुभोजनाचा रस केझियाबाईंनीच करायचा,
हे मंडळीत कुणी ठरवलं नव्हतं, तसं होतंच.
जुन्या लुगड्याच्या धडप्यातून ती गाळत राहायची,
मनगटापर्यंत जांभळी.
रसाचा थेंब चाखू द्यायची नाही.
चोथ्यात साखर कालवून वाटीत द्यायची, परसदारी.
कृपा म्हटलं की मला अजून
तो चोथाच आठवतो,
दातांत अडकणाऱ्या बियांसकट.

सिंहस्थात रस्ता माणसांनी भरून वाहायचा.
तिनं फाटकाशी रांजण मांडला.
शेजारचे एलिशामामा म्हणाले,
"बाई, हे आपले नाहीत."
ती म्हणाली, "पायाचे फोड कुणाचे असतात?"
आणि तांब्या विसळायला घेतला.

शेवटची दोन वर्षं नावं गळू लागली.
आधी धाकटी पतवंडं गेली, मग जावई,
मग एका मंगळवारी मी.
मला ती गुरुजी म्हणायची,
माझ्यापुढे पदर सावरून बसायची.
मी पाढे म्हणायला लावले तर म्हणायची.
एका रात्री देवाचंही नाव सुचेना.
थबकली.
"अरे, तू... ऐकतोयस ना, तू,"
आणि तिथून पुढे नीट चालू लागली,
अंधारात ओळखीची पायरी सापडावी तशी.

पाळदे राहिला. शेवटपर्यंत.

शरणपूरच्या कबरस्तानात तिला ठेवलं तेव्हा
मे महिन्याची माती इतकी कोरडी
की मूठ सोडली तर धूरच झाला.
पेटीवाल्यानं सूर एक पट्टी वर धरला,
म्हाताऱ्यांचे गळे पोचेनात.
मी गाण्याऐवजी चेहरे बघत होतो.
भिंतीशी एक माणूस उभा होता,
पँटला सायकलची क्लिप,
चपला काढून बाजूला ठेवलेल्या.
दूधवाला असेल. चुकून थांबलेला असेल.
मी विचारायला हवं होतं.
कुणीतरी फुलांची पाटी हातात दिली,
मी वळलो, आणि तो नव्हता.

ईस्टरच्या पहाटे आई मला उठवून नेते.
आम्ही दगडावर मेणबत्ती लावतो,
ती वाऱ्यानं विझते, आम्ही परत लावतो.
आई दगडाशीच कुरकुरते,
गुडघ्यांबद्दल, डब्याबद्दल.
एरवी देवळाकडे माझं फिरकणं नाही.
विश्वास आहे का, विचारलंत
तर मी विषय बदलेन.

पण रात्री दिवा मालवला की
जीभ आपोआप त्या वाटेला लागते.
मागत काही नाही. नावं घेतो.
दिवसभराचा शीण असतो,
आमेनपर्यंत पोचतोच असं नाही,
कधी सुनांतच झोप लागते.

म्हणून हल्ली
निवृत्ती पाळदेंचं नाव
मी आधी घेतो.