हरकती व सूचना

मसुदा आला आहे राजपत्रात :
पीडित साहाय्य निधी, खर्चाबाबतचे नियम.
तीस दिवसांत हरकती व सूचना पाठवाव्यात,
दोन प्रतींत.
शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या इमारतीत
एकोणीस वर्षं मी आवक-जावक सांभाळते.
आजवर दुसऱ्यांच्याच कागदांवर शिक्का मारला.
हा कागद माझा.

कलम चारला हरकत नाही.
औषधोपचार, अंत्यविधी, बुडालेली मजुरी,
यांना पैसे मिळावेत. मिळतातही,
कधी मार्चच्या आत, बहुतेकदा नंतर.

कलम पाचचं जरा लांबून सांगावं लागेल.

यमुना खुडे, राहणार पर्वती पायथा.
हंडा भरत आला होता तेव्हा
मागून कोयता आला.
मान वाचली, डावा हात मध्ये गेला म्हणून.
दोन बोटं तिथेच राहिली, नळाखाली.

समितीने रक्कम मंजूर केली :
एक हिस्सा हातात,
तीन हिस्से मुदतठेवीत, तिच्या नावाने.
हातातला हिस्सा आधीच देणं होता
ससूनसमोरच्या औषधवाल्याचं.
ठेवीची पावती तिने उलटसुलट पाहिली.
म्हणाली, "ताई, हे पैसे वयात कधी येणार?
मला आत्ता खोली बदलायचीय.
पाणी अजून त्याच नळाला येतं."

धायरीला खोली बघून ठेवली होती तिने.
डिपॉझिट भावाने भरलं, कानातलं मोडून बायकोचं.
टेम्पोचे अडीच हजार राहिले.

मी सगळी परिशिष्टं वाचली, तळटिपांसकट.
धरणाने उठवलेल्यांसाठी कायदा आहे.
कोयत्याने उठवलेल्यांसाठी
रकाना नाही.

मग मी काय केलं ते लिहिते,
निवृत्तीला सात महिने उरलेत म्हणून.
टेम्पोची पावती औषधांच्या बिलांत लावली.
टेम्पोवाल्याचं नाव होतं धन्वंतरी ट्रान्सपोर्ट.
देवाने एवढी सोय करून दिल्यावर
माणसाने नाही कशाला म्हणायचं?

ऑडिटचे गोंधळेकर देवाला मानणारे नव्हते.
लाल शाईत लिहिलं : "औषध चारचाकी कसे?"
तीन वेळा खुलासा दिला.
अडीच हजार माझ्या पगारातून गेले
आणि त्याच एकतीस मार्चला
निधीतले न वापरलेले बासष्ट लाख
कुणीही हात न लावता परत गेले.
त्यावर आक्षेप नव्हता.
न दिलेल्या पैशाला पावती लागत नाही.

तर सूचना.
कलम पाच, पोटकलम दोन :
"वैद्यकीय खर्च" या शब्दांनंतर
"व जिथे घडलं तिथून उठून जाण्याचा खर्च"
हे शब्द घालावेत.
भाषा नियमाची नाही, मला कळतं.
"अनुषंगिक" लिहिता आलं असतं.
एकोणीस वर्षांत त्या शब्दाखाली
एकाही बाईला रुपया दिलेला पाहिला नाही.

आणि तीन हिस्से किती वर्षं दडवून ठेवायचे
हे तिला एकदा विचारावं.
आठ बोटांत ती दोन पोरं सांभाळते,
पैसेही सांभाळेल.

यमुना परवा आली होती, कामाशिवाय.
कुठलाही अर्ज नाही, नुसती आली, पाणी प्यायली.
धायरीत टँकर येतो दिवसाआड,
रांगेत घुसाघुशी फार, म्हणाली.
"मी भांडते पण. पाठीमागे न बघता भांडते."
हे कुठल्या कलमात बसतं
मला माहीत नाही. तरी लिहून ठेवलं.

सोबत दुसरी प्रत जोडली आहे.
जावक क्रमांक मीच घातला,
शिक्का जरा वाकडा पडलाय,
पण वाचता येतो.