शून्य ते तीन

दर गुरुवारी, सकाळी दहाच्या आत,
त्याच धक्क्यावर, त्याच तिसऱ्या फळीवर उभी राहून
मी सरकारसाठी पाणी पाहते.

दोरीला बांधलेली पांढरी तबकडी सोडते खाली.
हात, दीड हात, दोन हात...
दिसेनाशी झाली की दोरी तिथेच चिमटीत धरते
आणि ओल्या बोटांनी आकडा लिहिते.
शून्य : शेवाळ नाही.
एक : आहे, पण पेल्यात पाणी धरलं तरच कळतं.
दोन : पुष्कळ. काठाला हिरवी रेघ.
तीन : अतिशय.
चौथा आकडा सरकारने ठेवलेला नाही.

कचेरीतून आलेली तुइया, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची,
रबरी बुटांत उभी राहून मला शिकवून गेली :
काठी घालून बघा, वीएनोबाई.
तंतू काठीला लोंबले, तर भिऊ नका.
ढवळल्यावर कण कण होऊन विखुरलं,
तर कुणाला उतरू देऊ नका.
सत्तर उन्हाळे या खाडीत पोहले मी,
आणि काठी कशी घालायची ते आत्ता कळलं.

इथे गुरुवारी घरोघर वाटाण्याचं सूप असतं.
मी हल्ली बटाटे उकडते.

वरच्या उताराला कौकोचं शेत. सख्खा भाऊ.
ज्या जुलैत मी पहिल्यांदा तीन लिहिलं
आणि काठावर पाटी लागली, फिनिश आणि स्वीडिश दोन्हीत,
पोहू नका, कुत्र्यांना पाजू नका,
त्या जुलैत त्याची भाड्याची दोन्ही लाकडी घरं रिकामी राहिली.
सौना तापलीच नाही.
तेव्हापासून तो मला पाण्यात पाहतो.
मीही पाहते. पण माझं ते काम आहे.

बाप असता तर हसला असता.
तो तरणा होता तेव्हाही सरकारचाच माणूस आला होता,
टाय लावून, पोती घेऊन,
पत्रकावर सोनेरी कणीस : जास्त घाला, जास्त पिकवा.
बापाने घातलं. फावड्याने घातलं.
ते अजून खाडीच्या तळाशी आहे, तुइया म्हणते,
गाळात दबून;
वारा पडला, ऊन तापलं, तळाची हवा संपली
की गाळ ते थोडं थोडं वर सोडतो.
वाटणीत कौकोला शेत मिळालं, मला धक्का.
तळाचं काय, ते वकिलाने विचारलं नाही.

मागल्या शरदात ट्रक आले.
सरकारी जिप्सम, हेक्टरी चार टन, शेतकऱ्याला फुकट.
मातीने फॉस्फरस मुठीत धरावा,
पावसाच्या हाती देऊ नये, म्हणून.
कौकोने अर्जावर सही केली, मला सांगितलं नाही.
मला कळलं ते रंगावरून.
बर्फ पडायला महिना होता
आणि उतार पांढरा झाला होता,
पिठाचं डबडं सांडल्यासारखा.

किती वर्षं लागतील, मी तुइयाला फोनवर विचारलं.
ती गप्प राहिली थोडी.
मग म्हणाली, बाई, तुम्ही आकडे पाठवत राहा.

काल गुरुवार.
धक्क्याची फळी मागे करकरली.
नऊ वर्षांनी तो खाली आला होता,
टोपी हातात, गुडघा आखडत.
किती?
अजून टाकली नाही, मी म्हटलं, आणि दोरी त्याच्या हातात दिली.

तबकडी गेली खाली.
हात. दीड हात.
मला ती दिसेनाशी झाली
आणि तो म्हणत राहिला, दिसतेय. अजून दिसतेय.
त्याचे डोळे माझ्याहून आठ वर्षं जुने.

रकाना एकच असतो.
मी दोन लिहिलं.
त्याने वाकून वाचलं, काही बोलला नाही,
ओली दोरी कोपरावर गुंडाळली, बाप जाळं गुंडाळायचा तशी,
आणि विचारलं,
पुढच्या गुरुवारी किती वाजता?

दहाच्या आत, मी म्हटलं.