यादीतलं पुढचं नाव

निशिगंधा, आज पहिल्याच दिवशी
अकरा दारं तुझ्या तोंडावर लागली.
बारावं उघडलं, तर आधी कुत्रं बाहेर आलं.
उत्तमनगरच्या टपरीवर तू चहा घेतलास
आणि बिस्किट कपातच विरघळू दिलंस.
मी काही बोललो नाही.
तू समोर असलीस की मला उपदेश सुचतात
आणि ते वाईट असतात.
म्हणून हे रात्री लिहितोय.

तेवीस वर्षं अंबडच्या कंपनीत मी बेअरिंगं तपासली.
हातात घ्यायचं, फिरवायचं, कानाशी न्यायचं.
खरखर आली की बाजूला.
पहिल्या निवडणुकीत माणसांचंही तसंच केलं:
हा आपला, हा त्यांचा, हा वाया.

सहाव्या स्कीमच्या एका गल्लीत ती सवय मोडली.
यादीत होतं: बेंडकुळे पंढरीनाथ, वय एकाहत्तर.
बाईंनी दार उघडलं, हात पिठाचे.
"ते गेले," म्हणाल्या. "संक्रांतीला दोन वर्षं होतील."
माझी पेन्सिल नावावर आडवी झालीच होती.
बाईंनी ती पाहिली.
मी पेन्सिल खिशात घातली, विचारलं,
"काय करायचे?"

पत्रक राहिलं, उमेदवार राहिला.
पाऊण तास उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकलं:
प्रेसमध्ये दिवसभर नोटा मोजायचे,
आणि घरी येताना मेथीच्या जुडीसाठी
आठ आण्यांवरून भांडायचे.
हसल्या. मग डोळ्याला पीठ लागलं.
निघताना म्हणाल्या, "मत कुणाला ते सांगणार नाही हं."
"नका सांगू," मी म्हणालो.

आपण तेव्हा चारशे अकरा मतांनी पडलो.
त्यांचं मत कुठल्या बाजूला होतं
मला अजून माहीत नाही. बरं आहे.

पंचवटीत आमच्या उपाध्यांकडे एक लांबट वही आहे.
गाव सांगा, आडनाव सांगा,
ते पानं उलटतात, आणि तिथे
माझ्या खापरपणजोबांचा अंगठा निघतो,
शाई अजून काळी.
क्षणापूर्वी मी कुणीही होतो.
आपली यादी तशी धर, निशिगंधा.
स्वस्तातला कागद आहे, स्टेपलर गंजलाय, तरी धर.
रेशन कार्डावर चुकलेलं, गॅसच्या पावतीवर चुकलेलं नाव
दारात कुणी नीट उच्चारलं
की कधी कधी साखळी सैल होते.
नाही झाली, तरी
नीट उच्चारलेलं नाव वाया जात नाही.

देवाशी माझे संबंध बेताचे.
पण बेल दाबल्यावर, कडी वाजण्याआधी,
आतून चपलांचा आवाज जवळ येतो ना,
तेवढ्यात मी मनातल्या मनात हात जोडतो.
जिंकू दे असं मागत नाही.
मागतो एवढंच, की जे कोण येईल
ते मला अख्खं दिसो.
आणि शिवी आली तर
ती माझ्या आधी दाराशी आलेल्या सगळ्यांची आहे,
मी फक्त आज ड्युटीवर आहे,
हे आठवो.

उद्या साडेसातला, त्रिमूर्ती चौक.
टोपी आण, पाण्याची बाटली आण.
नळाला पाणी असेल तेव्हा बेल वाजवू नकोस,
हंड्याला हात लाव.
आणि त्या कुत्र्याचं नाव मी विचारून ठेवलंय.
वकील म्हणतात त्याला.
आधी त्याला नमस्कार कर,
मग यादीतलं पुढचं नाव.