दोन थेंब

पाणी पाचव्या दिवशी आलं, पहाटे तीनला.
अख्ख्या विडी घरकुलाने भरलं, मीही भरलं,
पार्लरच्या मागच्या मोरीत,
तडकल्या झाकणाच्या निळ्या बॅरलात.

त्याच दुपारी भाग्यलक्ष्मी येमूल आली.
बोटांना तंबाखूचा वास, पैसे रुमालाच्या गाठीत.
अक्का, पोराचं लग्न आहे,
फोटोत मला भुवयाच नसतात.
खरंच नव्हत्या.

सुई नवी होती. शपथेवर सांगेन.
पाकीट तिच्यासमोर फोडलं, हातमोजे, स्पिरिट, सगळं.
शाई तेवढी घट्ट झाली होती.
दोन थेंब.
बॅरलातले.

लग्नात छान दिसली. अल्बम आहे.

सहाव्या आठवड्यात मसुरीएवढ्या गाठी,
इकडेतिकडे नाहीत, मी ओढलेल्या रेघेवरच,
कुणी आतून माझं अक्षर गिरवावं तशा.
हळद झाली, मलम झालं,
मेडिकलवाल्याच्या पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या.
फुटल्या, बसल्या, परत आल्या.
जाऊबाई म्हणाल्या, दृष्ट.
सात रस्त्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून पुण्याला पाठवला.

जंतूचं नाव लांबलचक. पाठ केलं होतं, विसरले.
टीबीच्या भावकीतला, डॉक्टर म्हणाले, पण टीबी नव्हे.
तरी तिने पदर तोंडावर ओढला.
तिचा बाप मागावरच खोकत गेलेला.
अहो, हा माणसाकडून येत नाही. पाण्यात असतो,
नळाच्या, टाकीच्या. पोटात गेला तर बहुतेक गप्प राहतो.
कातडीखाली गेला की बिऱ्हाड करतो.

मग माझ्याकडे बघून, साध्याच आवाजात,
शाईत काय घातलं होतं?

काही नाही, मी म्हणाले.

रिक्षा अशोक चौकात अडकली तेव्हा तिला सांगितलं.
ती बराच वेळ बाहेर बघत राहिली,
टॉवेलांचे गठ्ठे लादणाऱ्या टेम्पोकडे.
मग विचारलं, तू पण तेच पाणी पितेस ना?
पिते.
हं, म्हणाली.

सहा महिने गोळ्या. निम्म्यांचे पैसे माझे,
तिने मागितले नव्हते, नकोही म्हणाली नाही.
मी आता पाणी उकळते, सीलबंद बाटल्या आणते,
आणि भुवया काढायचं सोडलंय. पाटीवर
त्या ओळीला चिकटपट्टी लावलीय. खालचं वाचता येतं.

काल आली. डाव्या भुवईवर दोन खड्डे, जांभळट.
खुर्चीत बसली, मान मागे टाकली,
वरचा ओठ कर म्हणाली, दोऱ्याने.
मी रीळ घेतलं, टोक दातांत धरलं.
हात थरथरला तिला दिसलं असणार.
डोळे मिटूनच म्हणाली,
कोरडंच कर.