एक्केचाळीस

गाडी चढण चढून येते तेव्हा
मुकत्तमच्या दगडाला अजून ऊन लागलेलं नसतं.
दीर माझा, रिफअत, चाकाखाली वीट सरकवतो
आणि कैरोचा अख्खा कालचा दिवस
आमच्या ओट्यावर उपडा करतो.

मी मांडी घालून बसते.
प्लास्टिक डावीकडे, पत्रा उजवीकडे, कागद पाठीशी.
शिळ्या भाकरी पूर्वी डुकरांच्या असायच्या;
त्या वर्षी सरकारने डुकरं नेली,
वास तेवढा ठेवला.

तीस वर्षं लोकांची घरं मी आतून ओळखते,
त्यांचा उंबरा न ओलांडता.
कुठे बाळ झालं, कुठे बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून टाकतात,
कुणी पत्र फाडलं, चिकटवलं, पुन्हा फाडलं.

वनीस एकोणीसचा होता.
गाडीखाली नाही, यंत्रात नाही.
एक सुई टोचली, एवढीशी,
कुणाच्या दंडातून निघालेली कोण जाणे.
आधी डोळे पिवळे झाले, मग नखं,
मग शेजारणी हळू बोलू लागल्या.

अबूना साराबामोन आले, म्हणाले,
देव ज्याला आपला म्हणतो त्यालाच पारखतो.
मी म्हटलं, चहा घ्या, अबूना.
त्याहून एक शब्द जास्त बोलले असते
तर तो परत घेता आला नसता.

आई शिकवायची: कीर्यालेसोन, दया कर प्रभू,
एक्केचाळीस वेळा, बोटांच्या पेरांवर.
एकोणचाळीस कोरड्यांचे,
एक काट्यांच्या मुकुटाचा,
एक भाल्याचा.
वनीसनंतर मी तोंड मिटलं.
मनगटावरचा गोंदलेला क्रूस खाली ओढलेल्या बाहीत राहिला.
त्याच्या फटक्यांची मोजदाद
माझ्याकडून कशाला?

मग ती पिशवी येऊ लागली.
निळी, तोंडाला दोन गाठी,
हेलिओपोलिसच्या फेरीतली.
गोळ्यांची रिकामी पाकिटं, नळ्या, कापूस,
आणि पाण्याची एक बाटली,
तिच्यात सगळ्या सुया,
झाकण घट्ट पिळलेलं, वरून चिकटपट्टीचे तीन वेढे.

मी ती बाटली किती वेळ हातात धरून बसले
ते रिफअतला विचारा.
कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं,
किंवा त्याच्या उशाशी रात्र काढणारं कुणीतरी,
स्वतःचं एवढं दुखत असताना
माझ्या हाताचा विचार करत होतं.
माझा हात त्याने पाहिलेला नव्हता.

त्या दिवशी तोंड उघडलं.
एक्केचाळीस झाले नाहीत, सात-आठच,
तेही कापूस निवडता निवडता,
आणि माझ्यासाठी नाहीत.

हिवाळाभर तसंच चाललं.
पिशवी आली की पेरं मोजायची.
माझं दुखणं काही कमी झालं नाही हं,
त्याला फक्त एक पत्ता मिळाला.
थोमाने बोट घातलं त्या भोकांची गोष्ट
मी लहानपणापासून ऐकत आले.
कबरीतून उठलेल्याने ती बुजवून का नाही घेतली,
हे मात्र तेव्हा पहिल्यांदा
कचऱ्यात बसून मनात आलं.

चाळीस दिवसांचा उपास लागला आणि पिशवी थांबली.
एकदा फक्त एक उशी आली, स्वच्छ,
अभ्र्याला इस्त्री केलेली.
बरा झाला म्हणून टाकली,
की नाही म्हणून?
उशा बोलत नाहीत.
मी ती उन्हात घातली आणि कागदाच्या ढिगात नाही टाकली,
कशातच नाही टाकली.

वनीसच का, हे अबूनांनाही ठाऊक नाही.
हल्ली ते तसं म्हणतात, आणि चहा पितात.
मी रोज चाळिसाव्यापर्यंत आमचेच लोक मोजते.
एक्केचाळिसावं त्या चौथ्या की पाचव्या मजल्याला.
नाव माहीत नसल्यामुळे
तिथे माझा आवाज थोडा चढतो.

रिफअत खालून हॉर्न देतोय.
दुसरी फेरी आली.
बाह्या वर करते.