टिचकी

सेतूबलच्या बंदरामागे, चर्चच्या तळघरात
शनिवारी डबे येतात.
ट्यूना, छोले, सोललेले टोमॅटो,
कुणाच्या फडताळात मागे सरकत सरकत विसरलेले,
कुणी खास विकत घेऊन पावतीसकट दिलेले.
आम्ही तिघं ते निवडतो,
तांदूळ निवडावेत तसे.

बेलमीरू एकेचाळीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात होता.
काम एकच : ऐकणं.
हातात पेन्सिलीएवढी लोखंडी कांडी,
समोर डब्यांची रांग,
प्रत्येकाला एक टिचकी.
खणखणीत वाजला तो पुढे,
बद्द वाजला तो बाजूला.
झोपेतही बायकोच्या पाठीवर बोटं वाजायची म्हणे.
ती कूस न बदलता म्हणायची,
चांगली आहे अजून मी. झोप.

आता त्याच्या उजव्या कानात नुसता समुद्र,
डाव्यात तोही नाही.
म्हणून अंगठा.
कडेवरून, शिवणीवरून सावकाश फिरतो.
शिवणीला पोचा, मग तो नखाएवढा का असेना, बाहेर.
अंगावर उथळ पोचा असेल तर राहू दे,
माणसांनाही असतात.
गंज फडक्याने निघाला तर ठीक,
नाही निघाला तर आत कुठेतरी भोक वाट बघतंय.
तारीख मी वाचते, माझे डोळे तरुण आहेत.
महिनाभर उलटलेली असली तरी चालते त्याला,
पोट सुटलेला डबा मात्र कालचाही चालत नाही.
तो दोन पिशव्यांत, गाठ मारून, लाल बादलीत.

नवा पोरगा, एव्हराल्दू, विचारतो :
उघडून वास घेऊन बघू?
बेलमीरू त्याचं मनगट धरतो.
ओरडत नाही. फक्त धरून ठेवतो
पोराच्या हातातली घाई उतरेपर्यंत.
शितावरून भाताची परीक्षा करावी खरी,
पण या भाताचं
ते एक शीतच पुरतं.
ना वास, ना चव, ना रंग.

त्या दिवशी संध्याकाळी बादलीत एक पिशवी कमी.
झुल्मीराबाई सगळ्यांत शेवटी गेल्या होत्या, शालीत हात घालून.
जाताना म्हणाल्याही होत्या,
पोरींनो, अन्न टाकता? आम्ही माशांची डोकी उकळून दिवस काढलेत.

चार मजले. लिफ्ट नाही.
बेलमीरू प्रत्येक वळणावर थांबला,
खिशात ट्यूनाचा डबा, दंडगोल, निर्दोष.
दार उघडंच होतं.
टेबलावर तो फुगलेला, ताटलीत, पाहुण्यासारखा.
उघडलात?
ओपनर सापडला असता तर तुम्हाला जेवायलाच बसवलं असतं.

मग सौदा सुरू झाला.
एकाला एक नाही, त्या म्हणाल्या, माझा मोठा आहे.
मोठा नाही, सुजलाय.
सुजलेला का होईना, मोठाच.
दोन ट्यूना आणि एक पीच यावर मिटलं.
मी खाली जाऊन आणले. पुन्हा चार मजले.
येते तो बेलमीरू फ्रीजपुढे उकिडवा बसलेला,
हातात अननसाचा उघडा डबा, चमचा आत उभा.
कधीचा?
रविवारचा.
आज शनिवार.
अहो, थंडीत तर ठेवला होता!
काचेच्या भांड्यात काढायचं, झाकायचं,
तीन दिवसांत संपवायचं, तो म्हणाला,
आणि अननस आमच्या पिशवीत गेला.
म्हणजे अजून एक पीच लागता तुम्ही, झुल्मीराबाई म्हणाल्या,
आणि दार लावून घेतलं.

जिन्यात अंधार.
आतून ड्रॉवर उघडल्याचा, चमचे ढवळल्याचा आवाज,
मग करकर, करकर, पत्र्यावर.
बेलमीरूला काही ऐकू आलं नाही.
मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं,
ओपनर सापडला त्यांना.
तो कठड्याला धरून उभा राहिला.
कुठला उघडतायत?

पिशवी माझ्या हातात होती, गाठ पक्की.
आपला, मी म्हटलं.