लेबलावरची बाई

निपाणीत, अक्कोळ रस्त्याच्या विडी कारखान्यात
इस्माईल पेंटरनं एकदाच मला खिडकीपाशी बसवलं.
मांडीवर सूप, हातात पान,
कानात आईची बुगडी.

तवापासनं मी प्रत्येक बंडलावर,
अंगठ्याएवढी,
गुलाबी कागदात.

आता मालकाची पोरं वेगळी झाली.
थोरला म्हणतो, बाई माझी.
धाकटा म्हणतो, माझी.
बेळगावच्या कोर्टात तारखा पडतात.

वकील म्हणाला, ट्रेडमार्क हाय, आक्का,
नंबर हाय,
दर दहा वर्षांनी नवा करून घ्यायचा.

मला कुठं नवी करतात, मी म्हटलं.

त्याचा पेन कन्नड कागदावर थांबला.
तुम्ही कोण?

पदर मागं सारला.
बुगडी पोरीच्या बाळंतपणात मोडली,
भोक हाय अजून.

त्यानं चष्मा पुसून
खरंच बघितलं.